ओल्या रानात तहानलेली वेल

नोकरी सोडून विंचूरला आलो आणि दीड एकर द्राक्षबाग माझ्या हाती आली. एप्रिल छाटणीनंतर फूट जोमात निघाली. मे संपता संपता खालच्या जुन्या पानांच्या कडा तांबूस होऊन करपू लागल्या. पाण्याची ओढ बसली असेल, म्हणून मी ड्रिपची वेळ वाढवली. पानं आणखी करपली. वेलीच्या बुडाची माती मुठीत धरली तर गोळा होत होता. माती ओली आणि वेल तहानलेली, हे काही केल्या मला उमगेना.

चुलते बांधावर आले. ड्रिपरभोवतीच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला पांढरा पापुद्रा होता. तो त्यांनी नखाने खरवडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "चाखून बघ बाळा. आपल्या विहिरीचं पाणी सवळ आहे, उन्हाळ्यात जास्तच." जीभ खारटली.

पाणी तपासून आणलं. ईसी, म्हणजे क्षारांचं माप, दोनच्या आसपास. मी हिशोब मांडला आणि हादरलो. असल्या पाण्यात लिटरमागे साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात, म्हणजे लाखभर लिटर पाणी दिलं की सव्वाशे किलो क्षार रानात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आमची जमीन काळी, भारी, निचरा कमी. मी वेलीला पाणी पाजतोय असं समजून मीठच ओतत होतो.

मग पान वाचायला शिकलो. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं जड जातं. पाणी जपण्यासाठी पान आपली रंध्रं मिटून घेतं. पण त्याच रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार बंद झालं की डोक्यावर एवढं ऊन असूनही साखर तयार होत नाही, आणि न वापरलेलं ऊन उलट हरितद्रव्यालाच जाळतं. हा पहिला घाव. दुसरा सावकाश बसतो. पाण्याबरोबर वर चढलेले सोडियम आणि क्लोराइड पानात साठत जातात. जुन्या पानांत सगळ्यात जास्त, तेही कडेला. म्हणून करपणं नेहमी तिथून सुरू होतं. सोडियम पोटॅशची जागा अडवतो आणि साखर बनवणारं यंत्रच मंदावतं. मे-जूनमध्ये काडीत पुढच्या हंगामाचे घड ठरत असतात, आणि नेमकी तेव्हाच वेल उपाशी.

आपल्याकडे द्राक्षाचं कलम बांधायला डॉगरिज खुंट आला तो पाणी कमी आणि क्षार जास्त म्हणूनच. पण मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अभ्यासात डॉगरिजवरच्या वेलीत सोडियम अधिक साठलेला दिसला, ११०-आर खुंटावर कमी. हे मला बाग हाती घेण्याआधी कळायला हवं होतं. मातीची ईसी १.५ च्या वर गेली की द्राक्षाचं उत्पन्न घटू लागतं.

आता निचऱ्यासाठी चर काढलाय, शेणखत वाढवलंय. मातीत चुनखडी असल्याने माती परीक्षणानुसार गंधक दिलंय. सुधारणा हळू आहे, पण नवी पानं स्वच्छ आहेत.

नव्याने बाग धरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पहिला हलका पाऊस आला की ड्रिप बंद करू नका. तो पाऊस कडेचं मीठ परत मुळांत ढकलतो. ड्रिप चालू ठेवा.