चार बुचं, एक जिल्हा

जुनी फोर-व्हील ड्राइव्ह घेऊन बुलढाण्याला निघताय? हॉटेलचं बुकिंग नंतर करा. आधी कुठल्या बुचात कुठलं तेल, ते ठरवा.

सध्या जुन्या जीपची चलती आहे. कुणी काकांच्या शेतावरची महिंद्रा एमएम ५४० उचलून आणतो, कुणी पैसे साठवून जुनी सीजे घेतो, कुणाकडे जिप्सी असते. मग नवा रंग, जाडजूड टायर, पुढे विंच. आयटीतल्या पब्लिकचा पगार या हौसेत कुठे जातो, कळतही नाही. आणि एवढं सगळं करून गाडी जाते कुठे? तर लोणावळ्याला, भजी खायला!

जीपला खरंच काय जमतं ते बघायचं असेल, तर एक लाँग वीकएण्ड काढा आणि बुलढाणा गाठा. लोणारचं विवर, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, शेगावला गजानन महाराजांचं मंदिर, ही ठिकाणं तर आहेतच. पण जीपवाल्यासाठी खरी गंमत आहे जिल्ह्याच्या रचनेत. इथली माणसं गावाचं नाव सांगतानाच ‘घाटावर’ की ‘घाटाखाली’ तेही सांगतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. पाणीसुद्धा वाटून घेतलेलं. घाटावरची पैनगंगा शेवटी गोदावरीच्या पाण्यात जाते, घाटाखालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्र गाठते. म्हणजे चढ, उतार, काळी माती, नदीनाले आणि मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडणारा पारा, सगळं एकाच जिल्ह्यात. जीपच्या पोटातल्या प्रत्येक गिअरचा इथे वेगळा पेपर असतो.

‘नव्वद द्या!’

दुकानाच्या काउंटरवरचा नेहमीचा सीन. “गिअर ऑइल द्या.” “कुठलं?” “नव्वद.” संपलं! तोच डबा गिअरबॉक्समध्ये, तोच ट्रान्स्फर केसमध्ये, तोच पुढच्या-मागच्या डिफरन्शियलमध्ये. जुन्या जीपखाली तेल भरायची अशी चार बुचं असतात. चारही ठिकाणी नव्वद हा आकडा बरोबर असू शकतो आणि तरीही तेल चुकीचं असू शकतं.

कारण नव्वद म्हणजे तेलाचा फक्त दाटपणा, तोही १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. डब्यावर ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असेल, तर त्यातला ८०डब्ल्यू हा थंडीचा आकडा. त्याची परीक्षा उणे २६ अंशांवर होते. बुलढाण्यात कितीही कडाका पडला तरी उणे २६? काहीतरीच! त्यामुळे मॅन्युअलमध्ये साधं सिंगल ग्रेड ९० सांगितलं असेल, तर या जिल्ह्यात ते बिनधास्त वापरा. मल्टिग्रेड घेतलंत तरी बिघडत नाही. आणि ९० ऐकून दचकू नका. हा ९० इंजिन ऑइलच्या ४०-५० इतकाच दाट असतो, मोजपट्टी फक्त वेगळी आहे.

खरी मेख आहे दुसऱ्या अक्षरांत, जीएल-४ आणि जीएल-५ यांत. तेलात कुठली रसायनं किती आहेत, ते ही अक्षरं सांगतात.

राजूर घाट : गिअरबॉक्सचा पेपर

मलकापूरहून मोताळामार्गे बुलढाण्याला चढताना राजूर घाट लागतो. वळणावर वेग पडतो आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात यावंच लागतं. त्या क्षणी गिअरबॉक्समधली पितळी सिंक्रो रिंग कामाला लागते. वेगवेगळ्या वेगानं फिरणाऱ्या दोन भागांना ती घासून एका वेगावर आणते. घासणं हेच तिचं काम. तेल फार निसरडं असेल तर ती नुसतीच घसरते आणि गिअर खर्रकन ओरडतो.

जीएल-५ तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. पोलादी दातांसाठी ती वरदान. पितळेला मात्र तेल तापल्यावर ती खाऊ शकतात. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकतं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. इथे फरक एवढाच, की ताकाआधी भांडं खराब होतं. आजची चांगली जीएल-५ तेलं पितळेला पूर्वीइतकी बाधत नाहीत, पण रिंग घसरण्याचा प्रश्न उरतोच. म्हणून पितळी सिंक्रोच्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ द्या.

वाईट हे, की चुकीचं तेल लगेच काही सांगत नाही. शहरात हजारो किलोमीटर सगळं मस्त चालतं. रिंग आतल्या आत झिजत राहते. मग एका संध्याकाळी घाटात दुसरा गिअर पडतच नाही, मागे एसटी हॉर्न मारत असते आणि जुन्या गिअरबॉक्सचे पार्ट काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

बोथा घाट : डिफरन्शियलचा पेपर

बुलढाण्याहून खामगावला उतरणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून, बोथा घाटातून जातो. २०१९ मध्ये टिपेश्वरचा टी-१सी-१ नावाचा वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून याच जंगलात आला होता. चारही पायांवर, एकदाही तेल न बदलता! आपल्या गाडीला ती सवलत नाही.

डिफरन्शियलमधलं पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या जरा खाली बसवलेलं असतं. त्यामुळे त्यांचे दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर दाबून सरकतात. उतारावर गाडी गिअरमध्ये धरून सोडली की हा दाब दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. साधं तेल या दाबाखाली टिकत नाही. इथे ती गंधक-फॉस्फरसची फौज हवीच. म्हणून दोन्ही डिफरन्शियलना जीएल-५.

मग १४० नंबरचं काय? मागून ‘हूं’ असा आवाज यायला लागला, की बरेच मिस्त्री १४० टाका म्हणतात. हे तेल तापल्यावर ९० च्या साधारण पावणेदोनपट दाट असतं. आवाज दबतो, पण झिजलेला दात काही भरून येत नाही. वर फिरायला जोर जास्त लागतो आणि तेल आणखी तापतं. मॅन्युअलमध्ये उन्हाळ्यासाठी किंवा जड ओझ्यासाठी १४० सांगितलं असेल तर जरूर घाला. नुसता आवाज लपवायला नको.

आणि एक. अभयारण्यात डांबर सोडून जीप आत घालायची नाही. ते वाघाचं घर आहे.

काळी माती आणि नाले

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात पहिला पाऊस पडला, की काळी माती टायरला लाडवासारखी चिकटते. इथे छोटा लिव्हर ओढून फोर-लो लावायचा, म्हणजे काम ट्रान्स्फर केसकडे जातं. विलीज घराण्यातल्या जीपमध्ये ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटूनच बसवलेला असतो आणि एकाचं तेल दुसऱ्यात झिरपतं. म्हणून दोन्हीकडे एकच तेल भरा आणि दोन्हीची लेव्हल बघा. जिप्सीत तो वेगळा टांगलेला असतो. काही नंतरच्या गाड्यांत ट्रान्स्फर केस चेनवर चालतो, तिथे बऱ्याचदा गिअर ऑइलऐवजी पातळ एटीएफ लागतं. इथे अंदाजपंचे नको, मॅन्युअल बघा. आणि चिखल संपून डांबर लागलं, की लगेच टू-व्हीलमध्ये या.

नाल्याचा धोका वेगळा. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ चहासारखं दिसलं, तर ते कालच भरलेलं असलं तरी बदलायचं. त्यात काटकसर नाही.

शेवटचा स्टॉप : लोणार

लोणारला गाडी वरच ठेवा आणि विवरात पायी उतरा. बेसॉल्टच्या खडकात उल्केनं पाडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, त्याच वर्षी ते रामसर यादीत आलं. या तळ्यातून बाहेर जाणारा एकही प्रवाह नाही. जे आत येतं, ते आतच राहतं. म्हणून वाटेत कुठे तेल बदललंच, तर जुनं तेल नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे द्या.

निघण्याआधी

- आधी भरायचं बूच उघडा, मगच काढायचं. वरचं बूच अडकलं आणि खालून तेल गेलं, तर गाडी जागेवरच.
- गाडी फिरवून आणा, तेल कोमट असतानाच काढा.
- बुचाला करडी पेस्ट लागली तर ठीक. धातूचे तुकडे दिसले तर ट्रिप पुढे ढकला.
- तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरा. जास्त भरलं की सीलमधून ब्रेकवर येतं.
- पावसाळ्यानंतर चारही बुचं एकदा उघडून बघा.

आणि काउंटरवर गेलात की नुसतं ‘नव्वद द्या’ म्हणू नका. ‘गिअरबॉक्सला जीएल-४, डिफरन्शियलला जीएल-५’ असं सांगा. दुकानदार दोन सेकंद तुमच्याकडे बघेल. बघू दे!