पादपांचें पथ्य

वृक्षास संस्कृतांत ‘पादप’ म्हणतात. पायांनीं पितो तो पादप. मुळें हेंच झाडाचें मुख, हें आमच्या पूर्वजांनीं एका शब्दांत सांगून ठेविलें. जर्मनींत झाक्स व नॉप या शास्त्रज्ञांनीं १८६० च्या सुमारास मातीवांचून, केवळ क्षारयुक्त पाण्यांत रोपें वाढवून दाखविलीं. आणि अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांतील गेरिक यांनीं १९३७ सालीं या विद्येस ‘हायड्रोपोनिक्स’ हें नांव दिलें. आतां ती आमच्या शिरुरांतील गच्च्यांवरहि येऊन पोंचली आहे.

आमच्या सूनबाईंनीं यंदा भाद्रपदांत पालक व टोमॅटो याच रीतीनें लाविले. बीं उत्तम रुजलें. पण पुढें कोंवळीं पानें पिवळीं पडूं लागलीं. घरांत लागलीच निकाल झाला. कोणी म्हणालें, हिच्या हाताला यश नाहीं. कोणी येतां जातां चमचाभर खत अधिक घातलें. दोन्ही गोष्टी आम्हांस सारख्याच अन्यायाच्या वाटल्या. एक सुनेवर, दुसरी रोपांवर.

माती ही एकत्र कुटुंबासारखी असते. अधिक आलेलें पोटांत ठेवते, उणें पडेल तेव्हां काढून देते. पाण्यांतील रोपास हा आश्रय नाहीं. पाण्यांत जें असेल तें थेट मुळांस भोंवतें. म्हणून रोप रोडावलें कीं आधीं पाणी तपासावें, मग मुळें, आणि खताचा डबा शेवटीं उघडावा.

आमच्या विंधनविहिरीचें पाणी जड; पातेल्यास पांढरा थर धरतो. शेतकी पुस्तकांत ज्यास सामू म्हणतात तो कागदी पट्टीनें पाहिला, तों ८ भरला. रोपांस ५.५ ते ६.५ मानवतो. सामू चढला म्हणजे पाण्यांत लोह असूनहि मुळांस तें नीट घेतां येत नाहीं. मग नवीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हेंच पिवळेपण खालच्या, जुन्या पानांपासून चढूं लागलें, तर बहुधा नत्राची उणीव समजावी. पानांचे शेंडे व कडा करपल्या, तर खत अधिक झाल्याचा संशय घ्यावा. खरीं पानें फुटेपर्यंत रोपास साधें पाणी पुरतें. पुढें कांहीं दिवस अर्धीच मात्रा द्यावी.

निरोगी मुळें पांढरीं असतात. तीं तपकिरी, बुळबुळीत होऊन त्यांस घाण येऊं लागली, तर कुजत आहेत असें जाणावें. आमच्याकडील वैशाखाच्या उन्हांत डब्यांतील पाणी तापतें, आणि तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी विरघळतो. अशा वेळीं डब्यास ओलें गोणपाट गुंडाळावें. त्यानें उजेड आंत न जाऊन शेवाळहि धरत नाहीं. मत्स्यपेटीचा लहानसा हवापंप लाविल्यास अधिकच उत्तम.

सूनबाईंनीं जुनें द्रावण ओतून दिलें, पागोळ्यांचें स्वच्छ पाणी गाळून घेतलें, अर्ध्या मात्रेनें खत मिसळलें व सामू ६ वर आणला. पुढचीं पानें हिरवीं निघालीं. आधींचीं कांहीं पिवळीं तशींच राहिलीं.

वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, डब्याचा कारभार एकाच हातीं असूं द्यावा. आणि रोपानें मान टाकली तर त्या हातास बोल लावण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांनीं पाणी तपासून पाहावें.