फियाटच्या काळजाच्या गाड्या

चिसितालिया, स्तांगुएल्लिनी, बान्दिनी, मोरेत्ती, सिआता, एर्मिनी, ओस्का... इटलीतल्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांची ही नावं मी कधी कधी एकटाच मोठ्यानं उच्चारत बसतो. फेरारी सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिच्यावर प्रेम करायला कुणी शिकवावं लागत नाही. या बाकीच्यांवर जीव जडायचा तर जवळ जावं लागतं, वाकून बघावं लागतं. गाडीही तशीच, जेमतेम कमरेला लागणारी. वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत नळ्यांची चासी, आणि पुढे साडेसातशे नाहीतर अकराशे सीसीचं इंजिन.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीतली कारखान्यांची शहरं बॉम्बनं पोळलेली होती. पैसा नव्हता, सामान मिळत नव्हतं. तरी तुरिन, मोदेना, फोर्ली, फ्लॉरेन्स इथल्या गॅरेजांतून माणसांनी शर्यतीच्या गाड्या बांधायला घेतल्या. जे हाताला लागलं ते घेतलं. तेरामोच्या बेरार्दो तारास्कीनं बीएमडब्ल्यू मोटरसायकलचं इंजिन बसवलं. फोर्लीच्या इलारिओ बान्दिनीनं क्रॉस्ली नावाच्या छोट्या अमेरिकी मोटारीचं इंजिन आणलं. ती मोटार काढणारा मुळात रेडिओ आणि फ्रिजचा कारखानदार. बान्दिनीनं त्या साध्या इंजिनावर स्वतःच्या आखणीचं, दोन कॅमशाफ्टचं हेड चढवलं. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी फियाटचा दरवाजा ठोठावला.

फियाट ११०० चं इंजिन दान्ते जाकोसा यांनी आखलं. चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. मुंबईकरानं या आकड्यांपाशी क्षणभर थांबावं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीच्या बोनेटखाली हेच माप होतं. रस्त्याच्या कडेला टॅक्सीवाला बोनेट उघडून कार्ब्युरेटर साफ करत असला, की मी शेजारी उभा राहून बघत असे. भाडं, ओझी, पावसाळा, खड्डे यांत आयुष्य काढणारं ते इंजिन चाळीसच्या आसपास अश्वशक्ती द्यायचं. त्याच मापाच्या पूर्वजानं १९४६ साली चिसितालियाच्या एका आसनाच्या डी-४६ ला साठ अश्वशक्ती दिली, आणि फियाट ११००-१०३ च्या इंजिनानं पुढे स्तांगुएल्लिनीच्या फॉर्म्युला ज्युनिअर या वर्गातल्या शर्यती गाड्यांना त्याहून कितीतरी जास्त. हे ठाऊक झाल्यापासून काळ्यापिवळ्या टॅक्सीचा आवाज मला वेगळा ऐकू येऊ लागला.

१९४७ ची मिल्ले मिल्या शर्यत तर मी मनात किती वेळा धावून आलो आहे. ब्रेशाहून निघून रोमला जायचं आणि परत ब्रेशाला यायचं, सगळं साध्या रस्त्यांवरून. शर्यतपटू तात्सिओ नुव्होलारी त्या वेळी ५४ वर्षांचे होते. दोन्ही मुलगे गेलेले, छाती पोखरलेली. त्यांच्या हाती चिसितालिया होती, उघडी, अकराशे सीसीची. समोर बिओन्देत्तीची २.९ लिटरची आल्फा रोमिओ, म्हणजे जवळजवळ तिप्पट इंजिन. तरी नुव्होलारी पुढे होते. मग पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं, वेळ गेला, आणि ते दुसरे आले. पहिल्या क्रमांकाचा मान आल्फाला मिळाला, याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या शर्यतीतली सगळ्यांत थोर गाडी कोणती, हे मला विचाराल तर मी चिसितालियाचंच नाव घेईन.

अशा गाड्या ओळखण्याचा नाद लागलेली माणसं जगभर आहेत. हा नाद सोपा नाही, कारण एकाच कारखान्याच्या दोन गाड्यासुद्धा सारख्या नसतात. बॉडी धडकेत चेपली की दुसऱ्या गावच्या कारागिराकडून नवी घालून घेत. इंजिन फुटलं की दुसरं बसवत. म्हणून जाणकार बॉडीवर एकदम विश्वास ठेवत नाहीत. ते बोनेटवरच्या झरोक्यांच्या ओळी बघतात, पेट्रोलच्या टाकीचं झाकण कुठे आहे ते बघतात, बिजागऱ्या, रिव्हेटं, चासीवरचे वेल्डिंगचे सांधे. चासीचा आकडा हातानं ठोकलेला असतो, आणि ठशाच्या वळणावरूनही कारखाना कळतो. मग पत्र्याच्या आतल्या बाजूला हात फिरवायचा. बाहेरून आरशासारखा असलेला पत्रा आतून मात्र खुणा राखून असतो. पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारलेल्या हंड्यावर जसा एकेक घाव मोजता येतो, तसाच इथे एखाद्या निनावी तुरिनी कारागिराचा हात लागतो. त्याचं नाव कुठल्याच बक्षिसावर कोरलेलं नाही. मला त्या खुणा सहीपेक्षा मोलाच्या वाटतात.

जुने फोटोही मोठा पुरावा असतात. मिल्ले मिल्याच्या पुढच्या वर्षांत गाडीवरचा आकडा म्हणजे तिची सुटण्याची वेळ. १९५५ ला जिंकलेल्या स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवरचे ७२२ म्हणजे सकाळचे सात बावीस. लहान गाड्या आधी, रात्रीच सुटत, मोठ्या मागून. त्यामुळे फोटोतला उजेड कुठून पडलाय, सावली किती लांब आहे, यावरूनही एखादी अनोळखी गाडी हळूहळू आपलं नाव सांगू लागते.

ओस्काची गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एर्नेस्तो, एत्तोरे आणि बिंदो या मासेराती भावांनी १९३७ साली आपली कंपनी विकली आणि दहा वर्षं नव्या मालकासाठी काम केलं. १९४७ ला ते मोकळे झाले, तेव्हा आडनाव कंपनीकडेच राहिलं होतं. स्वतःचंच आडनाव स्वतःच्या गाडीवर लावता येईना. बोलोन्याजवळ नव्यानं कारखाना काढला, त्याला ओस्का म्हटलं. १९५४ ला अमेरिकेतल्या सेब्रिंगची १२ तासांची शर्यत त्यांच्या दीड लिटरच्याही आतल्या गाडीनं जिंकली. मॉस आणि बिल लॉइड चालवत होते. ब्रेक जवळजवळ संपलेले, आणि मोठ्या इंजिनांच्या गाड्या एकामागून एक बंद पडलेल्या. नाव गेलं तरी हातातलं काम कुणाला विकत घेता येत नाही, हे त्या भावांनी त्या दिवशी दाखवून दिलं.

आता या गाड्यांना मोठ्या किमती येऊ लागल्या आहेत, आणि त्याबरोबर एक दुखणंही. जुना रंग खरवडून, पत्रा नव्यानं गुळगुळीत करून, त्या जन्मल्या तेव्हा होत्या त्याहून चकचकीत केल्या जातात. पोचे, ओरखडे, घाईत मारलेलं वेल्डिंग सगळं पुसलं जातं. माझ्या मते हा अन्याय आहे. गाडीवर जे जे घडलं तेच तिचं प्रमाणपत्र असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. पण वाड्यांच्या पडव्यांत, सोसायट्यांच्या कोपऱ्यात, गावाकडच्या गोठ्यात अजूनही काही फियाट उभ्या आहेत. तुमच्या ओळखीत अशी एखादी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचा चासी नंबर आणि इंजिन नंबर वहीत उतरवा. तिला वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या मिस्त्रीचं आणि पत्रा ठोकणाऱ्या डेंटरचं नावही त्याखाली लिहा.