आत्या, पहिल्या केमोच्या आधी

तीर्थस्वरूप आत्यास,


मानेतल्या गाठीची बायोप्सी होऊन लिम्फोमा निघाला आणि डॉक्टरांनी पेट-सीटी सांगितल्यावर तू अडून बसलीस, असं दादाने फोनवर सांगितलं. गाठ कसली ते कळलंय, मग आणखी खर्च कशाला आणि अंगात किरणोत्सारी औषध कशाला, हे तुझे प्रश्न. घरोघरी हेच विचारतात, म्हणून हे पत्र चारचौघांनी वाचावं असं लिहितोय.

बायोप्सीने आजाराचं नाव कळलं. तो कुठवर पोचलाय, हे तिला सांगता येत नाही. गाठी श्वासपटलाच्या एकाच बाजूला आहेत की दोन्हीकडे, प्लीहेत, हाडांत काही आहे का, यावर स्टेज ठरते; केमो किती द्यायची, किरणोपचार लागतील का, हे ठरवतानाही ते पाहतात. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारख्या ओढतात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात दाखवलं. पेटमध्ये शिरेतून देतात ती किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखरच. पेशी ती आत घेते, पण पचवू शकत नाही. ती तिथेच अडकते आणि कॅमेऱ्यात ती जागा उजळते. नुसत्या सीटीत आकार दिसतो. आकाराने साधी वाटणारी गाठही आजारी असू शकते, म्हणून पेट.

किरणांची भीती घालवायला एक आकडा पुरेसा आहे. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. तुझ्या तपासणीसाठी ते बेंगळुरूहून गाडीने सात तासांत हुबळीला आणलं, तर जेमतेम चौदावा हिस्सा उरेल. म्हणून दिलेली वेळ चुकवू नकोस, ते औषध उद्यासाठी ठेवता येत नाही. रात्रीपर्यंत तुझ्या अंगातही नगण्य उरेल. भरपूर पाणी पी. सूनबाईला दिवस गेलेत, तेवढा एक दिवस तिच्यापासून लांब बस.

2002 मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे हे औषध बनवणारं यंत्र, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला, तेव्हा या तपासणीसाठी मुंबईच गाठावी लागे. आता ती हुबळीत होते. तुझ्या धारवाडहून वीस किलोमीटरवर.

तपासणीच्या आदल्या दिवशी कर्नाटक कॉलेजकडची फेरी बंद ठेव. दमलेले स्नायूही साखर ओढतात. त्या दिवशी निदान सहा तास उपाशी राहायचं. तुला मधुमेह आहे, तेव्हा गोळ्या आणि इन्सुलिन कधी घ्यायचं हे आधीच विचारून घे. रक्तातली साखर चढलेली असली तर चित्र बिघडतं. इंजेक्शननंतर तासभर पडून राहायचं, आणि बोलायचं नाही. तुला हेच अवघड जाईल, पण बोलताना घशाचे स्नायू उजळतात आणि तुझ्या गाठी नेमक्या मानेत आहेत. खोली थंड असेल, तर पांघरूण माग. थंडीत मानेजवळची विशिष्ट चरबीही साखर खाते.

एक गोष्ट मात्र स्वतःहून सांग: तरुणपणी तुला टीबी झाला होता. टीबीच्या गाठीही पेटमध्ये तशाच उजळतात. आपल्या देशात हा घोटाळा नेहमीचा. एखादी वेगळीच जागा उजळली आणि उपचार त्यावर ठरणार असतील, तर तिथे सुई घालून खात्री करता येईल का, हे विचार. आणि रिपोर्टात तिसरी किंवा चौथी स्टेज दिसली म्हणून हाय खाऊ नकोस. लिम्फोमात त्या स्टेजचेही कित्येक रुग्ण पूर्ण बरे होतात.

केमोनंतर पुन्हा पेट काढतील, तेव्हा आजार किती विझला हे पहिल्या चित्राशी ताडून पाहतील. केमो आधी सुरू झाली, तर ते पहिलं चित्र पुन्हा मिळत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, केमोच्या तारखेआधी पेटची तारीख घे. सोबतीला मी येतो, फक्त दिवस कळव.

तुझा,
भाचा