गाडीचे फाउंडेशन

घरात काही माणसे अशी असतात, की ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण चार दिवस गावाला गेली की भांड्याला भांडे लागू लागते. मोटारगाडीच्या पोटातही असे एक माणूस असते. मिस्त्रीलोक त्याला ‘गियरबॉक्सचे फाउंडेशन’ म्हणतात. नाव भारदस्त, वस्तू म्हणाल तर लोखंडाच्या बेचक्यात बसवलेले मूठभर रबर. गियरबॉक्सचा भार त्याने पेलायचा आणि वर इंजिनाची थरथर गिळून टाकायची!

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. इटलीतल्या फियाट ११०० डी या मोटारीची ही हिंदुस्थानी लेक. आई १९६६ मध्येच निवृत्त झाली. कुर्ल्याची लेक शतक संपेपर्यंत नांदली. अण्णांनी ती १९७९ साली, नंबर लावून, बरीच वर्षे वाट पाहून घेतली. आता अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. काचबिंदूने दृष्टी गेली, तरी दर रविवारी ते पुढच्या सीटवर बसतात आणि चाकांच्या आवाजावरून कोणता रस्ता आला ते सांगतात.

२०२४ साली एका रविवारी क्लच सोडताच खालून ‘धाड’ असा आवाज झाला. हँडलाजवळचा गियर पहिल्यात पडेना. गाडीखाली शिरून पाहिले, तर फाउंडेशनचे रबर वर्षानुवर्षे झिरपणारे तेल पिऊन शिळ्या शिऱ्यासारखे झाले होते. नोंदणीची मुदतही भरत आली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, आणि अशा अवस्थेत ती नेण्यात अर्थ नव्हता.

सुटे भाग शोधत कुर्ल्याची सारी भंगार बाजारपेठ पालथी घातली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्याचा निरोप घेतला, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सामान ठेवणारेही पांगले. जे एक फाउंडेशन मिळाले, त्याचे रबर न वापरताच तडकले होते. धाकटा म्हणाला, “दादा, आता पुरे. भंगारात देऊन टाकू. अण्णांना मी माझ्या गाडीतून फिरवीन.” अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त चहाचा कप चाचपडत बशीत ठेवला. तो आवाज मला नको तितका मोठा वाटला.

आमचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, “साहेब, मिळत नाही ना? मग करू या.”

प्रथम मला वाटले, लोखंडाची एक जाड पट्टी ठोकली की झाले. मिस्त्री हसले. चार सिलिंडरचे इंजिन एका फेऱ्यात दोनदा हिसका देते. मिनिटाला आठशे फेऱ्यांनी ते नुसते गुरगुरत असले, तरी सेकंदाला सुमारे सत्तावीस हिसके होतात. मध्ये रबर नसेल, तर ते सगळे सीटपर्यंत आणि बसणाऱ्याच्या दातांपर्यंत पोचायचे.

दुसरा प्रश्न उंचीचा. जुने रबर खचलेले, तेव्हा त्यावरून माप घेण्यात अर्थ नाही. मिस्त्रींनी जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून गियरबॉक्स हळूहळू उचलला. पुढची दोन्ही फाउंडेशने सरळ बसली आणि गियरचा दांडा लोण्यासारखा फिरू लागला, तिथे ते थांबले. ही उंची चुकली, तर मागच्या चाकांकडे शक्ती नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचा कोन बिघडतो आणि वेगात गाडी थरथरते. फट भरली बेचाळीस मिलिमीटर. भाराखाली रबर थोडे बसणार, म्हणून ठोकळा पंचेचाळीसचा ठरला.

रबर नागदेवी स्ट्रीटवरून आणले. साधे नव्हे, निओप्रीन. कारण नैसर्गिक रबराचे आणि तेलाचे हाडवैर. कारखान्यात रबर लोखंडावर उष्णता देऊन कायमचे जोडतात. ते घरी साधणारे नव्हते. म्हणून आम्ही चिकटवण्याचा नादच सोडला. पुठ्ठ्याचा नमुना कापून पाच मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची बैठक वेल्डिंग करून घेतली. गाडीच्या आडव्या पट्टीच्या वर जाड ठोकळा, खाली पातळ ठोकळा आणि दोहोंतून आरपार एक बोल्ट. बोल्टावर लोखंडी नळी घातली, म्हणजे नट कितीही आवळला तरी रबर चिरडायचे नाही. ठोकळ्याच्या चारी बाजूंना मोकळी जागा ठेवली. रबर दबते म्हणजे ते आटत नाही, बाजूला सरते. सरायला जागा नसेल, तर ते दगडासारखेच वागते.

सर्वांत खाली मिस्त्रींनी बशीएवढा जाड वायसर घातला. मी विचारले, “हा कशाला?” ते म्हणाले, “साहेब, रबर कधीतरी जाणारच. ते गेल्यावर आवाज व्हावा, पण बॉक्स रस्त्यावर पडू नये. आत तुमचे वडील बसणार ना?”

या एका वाक्याने मी जागा झालो. बाजारातून आणलेला भाग बिघडला, तर बनवणाऱ्याला दोष देता येतो. घरी केलेल्या भागाला तो आडोसा नसतो. त्याचा कारखानदारही आपण आणि गिऱ्हाईकही आपणच. म्हणून पहिले दोन रविवार मी गाडी एकट्यानेच हिंडवली. चढावर थांबून पुन्हा पहिल्या गियरात उचलली, खड्ड्यांतून नेली आणि दर खेपेला खाली वाकून नट पाहिला. तिसऱ्या रविवारी अण्णा बसले. क्लच सोडला. ‘धाड’ नाही. अण्णांनी मान थोडी कलती केली आणि दादर येईपर्यंत ते गप्प होते.

मग म्हणाले, “बरं झालंय. पण वरून तेल गळतंय ते सील आधी बदल. नाहीतर हेही रबर खाईल.”

पुढच्या आठवड्यात सील बदलले. गाडी तपासणीतही उतरली. पाच वर्षांचा परवाना मिळाला. आता दर सहा महिन्यांनी गाडी भक्कम ठोकळ्यांवर घेऊन मी खाली शिरतो आणि त्या ठोकळ्याला अंगठा दाबून पाहतो. परवा धाकटाही बॅटरी घेऊन माझ्या शेजारी आडवा झाला. बराच वेळ पाहून म्हणाला, “दादा, तो मोठा वायसर कशाला रे?”

मी त्याला सांगितले.