झोपाळ्याची फळी

चिंचवडला पवनेच्या काठी एका वृद्ध सुताराची पडवी आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे यंत्रांची घरघर पार चाकणपर्यंत पोहोचली आणि गावोगावचे वाडे एकेक करून उतरू लागले. वाडा उतरला, की त्याचे सागवान वखारीत जाते. एखादा देव्हारा, एखादा पेटारा तेवढा दुरुस्तीसाठी या पडवीत येतो.

एकदा कारखान्यातील एक तरुण आपल्या आजीच्या झोपाळ्याची फळी घेऊन आला. "काका, रंधा मारून अगदी नवी करून द्या," तो म्हणाला.

वृद्धाने फळीच्या उजव्या कडेवरून बोट फिरविले. तेथे लाकूड झिजून गुळगुळीत झाले होते. "अरे, ही झीज तुझ्या आजीच्या हाताची. रंधा फिरला, की ती गेली. नवीच हवी, तर वखारीत मिळेल की!"

तरुण गप्प झाला. फळी तेथेच राहिली.

वृद्धाने ओलसर फडक्याने मळ हलकेच उतरविला. तडा गेला होता तेथे जुन्याच सागवानाची चीप सरसाने बसविली. सरस ऊब आणि ओल लागताच सुटतो. त्यामुळे पुढेमागे कोणास ती काढावयाची झाल्यास मूळ लाकूड दुखावत नाही. शेवटी चपडा लाख स्पिरिटात विरघळवून तिचे पातळ हात कापडाच्या बोळ्याने दिले. आजीच्या हाताची जागा तशीच राहिली.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी अशाच आस्थेने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे जमविले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. पण साऱ्या आज्यांचे झोपाळे संग्रहालयात कसे मावणार? ते घरातच राहावयास हवेत, आणि अडचण नेमकी तेथेच होती. तरुणाच्या सहाव्या मजल्यावरील घरास तुळई कोठली! झोपाळा टांगावा कशाला?

"काका, फळीला चार पायच ठोकून द्या," तो पुन्हा येऊन म्हणाला.

वृद्धाने पाय ठोकले नाहीत. त्याने एक बुटकी चौकट केली. फळी तिच्यावर नुसती टेकते, एकही खिळा नाही. चार कोपऱ्यांची भोके त्याने बुजविली नाहीत. पितळी कड्या चिंचेने न घासता नुसत्या पुसल्या आणि फडक्यात गुंडाळून चौकटीखालच्या कप्प्यात ठेवून दिल्या.