शहाणा वाढपी

पंगतीत वाढणारे दोन प्रकारचे असतात. एक हातातले भांडे रिकामे करण्यासाठी वाढतो. दुसरा पानावर बसलेल्याच्या चेहऱ्याकडे पाहून वाढतो. पहिल्याच्या आग्रहाने पाहुण्याचे पोट बिघडते. दुसऱ्याच्या हातून तो तृप्त होऊन उठतो. हाच भेद एका सुताराच्या मुलीला विजेच्या बाबतीत उमगला.

तिच्या वडिलांजवळ तारेवाचून चालणारे एक जुने विजेचे गिरमिट होते. अशी गिरमिटे प्रथम १९६१ मध्ये बाजारात आली. वडिलांच्या गिरमिटाच्या मुठीखाली एक बॅटरी बसे. तिच्यात निकेल-कॅडमियमचे १२ घट एकसर जोडलेले होते. प्रत्येकाचा दाब १.२ व्होल्ट, सर्वांचा मिळून १४.४ व्होल्ट. रात्री बॅटरी चार्जरला लावावी आणि सकाळी काढावी, असा त्यांचा परिपाठ. पण तो चार्जर पहिल्या प्रकारचा वाढपी होता. घट भरले तरी तो आपली वीज ओतीतच राही. एक बॅटरी अकाली निकामी झाली. दुसरी आणली, तीही त्याच वाटेने गेली. ऐन लग्नसराईत कपाटांची कामे अंगावर असताना गिरमिट चार भोके पाडून थांबू लागले. अण्णांनी उसनवार करून तिसरी बॅटरी आणली.

“अण्णा, दोष बॅटरीचा नाही, चार्जरचा आहे,” तंत्रनिकेतनात शिकणारी मुलगी म्हणाली. “वेळेवर थांबणारा चार्जर मी करते.”

“अगं, पोट भरलं हे घट का सांगणार आहे?” अण्णा हसले.

घट खरोखरच सांगतो. मात्र फार हळू आवाजात. भरत असताना त्याचा दाब चढत जातो आणि मिळालेली वीज रासायनिक बदलाच्या रूपाने साठते. घट भरला, की साठवण संपते. मग आत प्राणवायू निर्माण होऊन पुन्हा शोषला जातो, आणि येणाऱ्या विजेची उष्णता होते. घट तापतो आणि चढत आलेला दाब किंचित उतरतो. हा उतार एका घटामागे व्होल्टच्या सुमारे शंभराव्या भागाइतकाच असतो. पानावर आडवा धरलेला घटाचा हात तो हाच!

तो हात पाहण्यासाठी मुलीने बोटाच्या पेराएवढा एक संगणक चार्जरात बसविला. पहिल्याच दिवशी चार्जर तीन मिनिटांत थांबला. पडून राहिलेल्या बॅटरीचा दाब सुरुवातीला स्थिर नसतो. त्या चढउतारालाच तो ‘पुरे’ समजला होता. पहिली काही मिनिटे उताराकडे लक्ष द्यायचे नाही, असे तिने त्याला शिकविले.

दुसऱ्या दिवशी उलट घडले. चार्जर थांबेचना. अण्णांनी सहज बॅटरीवर तळवा ठेवला आणि ते ओरडले, “पोरी, हिला ताप आलाय!” तिने झटकन तार काढली. एक जोड सैल राहिला होता, त्याच्या गडबडीत तो बारीक उतार हरवून गेला होता. तिसरी बॅटरीही गेली असती, या विचाराने ती मुकाट्याने बसून राहिली.

मग तिला अण्णांचा तळवा आठवला. तिने तापमान मोजणारा एक मणी आतल्या घटाला चिकटवून लावला आणि चार्जरला तीन नियम घालून दिले : दाब उतरला तर थांब, ताप मिनिटाला एक अंश वेगाने वाढू लागला तर थांब, आणि काहीच कळले नाही, तर ठरलेली वेळ संपताच थांब. एक खूण हुकली तर दुसरी असावी.

त्या संध्याकाळी सुमारे सव्वा तासाने तांबडा दिवा विझून हिरवा लागला. अण्णांनी तळवा ठेवून पाहिला. बॅटरी नुसती कोमट होती.

मुलीने चार्जरवर एक चिठ्ठी चिकटविली : ‘लिथियमची बॅटरी येथे लावू नये.’ कारण लिथियम-आयन घटाचा दाब भरल्यावर असा उतरत नाही. बहुतेक अशा घटांना ४.२ व्होल्टच्या वर नेलेच, तर ते पेट घेण्याचाही धोका असतो. प्रत्येकाची ‘पुरे’ म्हणण्याची रीत निराळी असते.

दोन वर्षे झाली. तीच बॅटरी अजून भोके पाडते आहे. देणारे हात जगात पुष्कळ आहेत. घेणाऱ्याकडे पाहून थांबणारा हात मात्र घडवावा लागतो.